हिशेब विचारताना (लेखांक 6) : बिल निघण्याआधी

रस्ता उखडला की आपण जागे होतो. बदलापुरात मांजर्ली असो की हेंद्रेपाडा, पहिल्या जोरदार पावसानंतर खडी वर आली की फोटो निघतात, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात, कोणीतरी निवेदन लिहितं, सह्या होतात. तोवर ठेकेदाराचं अंतिम देयक बहुतेक वेळा अदा झालेलं असतं. मग चौकशी, अहवाल, स्मरणपत्रं. गेलेला पैसा परत आणणं महाकठीण. तो निघण्याआधी अडवणं त्या मानानं सोपं. म्हणून या आठवड्यात एकाच वहीबद्दल लिहितो: मोजमाप पुस्तिका.

कार्यालयात तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. पानांना क्रमांक असलेली ही वही. कनिष्ठ अभियंत्यानं जागेवर जाऊन काम मोजायचं आणि लांबी, रुंदी, जाडी तिच्यात नोंदवायची. वरच्या अभियंत्यानं ती तपासायची. त्यावरून देयक तयार होऊन लेखा विभागात आणि तिथून मुख्याधिकाऱ्यांकडे जायचं. निविदा कितीही चोख असो, ठेकेदाराच्या हाती पडणारी रक्कम या वहीतल्या आकड्यांवर ठरते. एमबीत लिहिलेलं काम जागेवर आहे की नाही, एवढा एक प्रश्न धरून ठेवला तरी पुष्कळ काही उघड होतं.

उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गल्लीत शंभर मीटर लांब आणि चार मीटर रुंद काँक्रीटचा रस्ता मंजूर झाला. अंदाजपत्रकात जाडी 20 सेंटीमीटर. म्हणजे काँक्रीट लागणार 80 घनमीटर. प्रत्यक्षात जाडी 15 सेंटीमीटरच टाकली, तर लागतं 60. वरून दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. लांबी-रुंदी टेपनं मोजा, बरोबर भरेल. चोरी खाली, जाडीत असते, आणि ओतून झाल्यावर ती डोळ्यांना दिसत नाही. पण ओतताना दिसते. काँक्रीट आणणाऱ्या मिक्सरमध्ये साधारण सहा घनमीटर माल मावतो. 80 घनमीटरला तेरा-चौदा फेऱ्या हव्यात, 60 ला दहा पुरतात. गल्लीतल्या एखाद्या निवृत्त गृहस्थानं सकाळपासून गॅलरीत बसून फेऱ्या मोजल्या, गाड्यांचे नंबर आणि वेळा लिहून ठेवल्या, तर त्या कागदाला एमबीसमोर ठेवता येतं. साच्याच्या कडेला पट्टी लावून फोटो काढला तर आणखी उत्तम. काँक्रीटच्या चाचणीसाठी भरलेले ठोकळे सात आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून तपासतात. त्यांचे अहवालही त्याच फायलीत असायला हवेत.

आता कायदा. माहितीचा अधिकार म्हणजे झेरॉक्स मागण्याचा अधिकार, असा समज पक्का झाला आहे. 2005 च्या कायद्याचं कलम 2(ञ) पाहा. त्यात कागदपत्रांच्या पाहणीबरोबर कामाची पाहणी आहे, आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. रस्त्याच्या मालाचा नमुना मागण्याची तरतूद संसदेनं लिहून ठेवली आहे आणि आपण ती जवळजवळ वापरत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. शिवाय नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य शासनानं जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख नागरिकांना पाहू द्यावेत, अशी सूचना दिली. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच, महेश झगडे आयुक्त असताना सुरू झाली होती.

हे सगळं कागदावर ठीक, जमिनीवर होतं का? होतं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनवाया घेतल्या. हजेरीपट गावासमोर मोठ्यानं वाचले आणि ज्यांच्या नावे मजुरी निघाली त्यांनाच विचारलं, पैसे मिळाले का? शहरातलं उदाहरण दिल्लीचं. डिसेंबर 2002 मध्ये ‘परिवर्तन’ संस्थेनं सुंदरनगरीत 68 कामांची कागदपत्रं लोकांसमोर वाचली. एकूण किंमत 1.3 कोटी, त्यातल्या सुमारे 70 लाखांची कामं जागेवर सापडलीच नाहीत. ज्या गल्लीत काम झाल्याची नोंद होती, त्या गल्लीतली माणसं समोर बसलेली होती. त्यांच्याइतका पक्का साक्षीदार कुठून आणणार?

बदलापूरला याची गरज जास्त का, तेही सांगतो. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची मुदत 2020 मध्ये संपली आणि पुढचं मतदान थेट 2025 च्या डिसेंबरात झालं. मधली पाचेक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. सभागृहात उभं राहून देयकावर प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. नगरसेवक आले म्हणून ते काम आपोआप होईल असं मी धरून चालणार नाही. प्रभागातला प्रश्न नगरसेवकाकडून सभेत विचारून घ्यायचा असेल, तर त्याच्या हातात एमबीचं पान आपणच द्यायला हवं.

अडचणी आहेत. महाराष्ट्रात 2012 पासून अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून एका अर्जात एकच रस्ता घ्या. कार्यादेशाचा क्रमांक लिहा. ‘शहरातील सर्व रस्ते’ असं मागितलं की नकार ठरलेला. वैयक्तिक माहितीच्या अपवादातली सार्वजनिक हिताची सवलत डेटा संरक्षण कायद्यानं काढून टाकली आहे. त्यामुळे नावांवर अडून बसू नका, मोजमापं मागा. जाडीला कसली आली वैयक्तिक माहिती?

आणि धोका. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी जमीन व्यवहारांतले गैरप्रकार उघडकीला आणले. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. हे वाचून कोणी मागे हटावं म्हणून लिहीत नाही. एकट्यानं करू नका, म्हणून लिहितो. अर्ज चार सोसायट्यांतून चौघांनी करावेत, फाईल पाहायला तिघांनी जावं, मिळालेली पानं त्याच दिवशी सगळ्यांकडे पोहोचवावीत. एकाला गप्प करून काही साधणार नाही, हे समोरच्यालाही कळायला हवं.

काम सुरू झाल्याचा फलक लागला की लगेच अर्ज द्या: अंदाजपत्रक, कार्यादेश, आणि अर्जाच्या तारखेपर्यंत एमबीत झालेल्या नोंदी. तीस दिवसांची मुदत लक्षात घेता, काम संपायची वाट पाहिलीत तर देयक पुढे जाईल. पाहणीला जाताना टेप, वही आणि फेऱ्यांची नोंद सोबत ठेवा. फरक आढळला तर त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, ‘प्रलंबित देयक अदा करण्यापूर्वी फेरमोजणी करावी’, आणि पोचपावतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. पैसे अदा झाल्यावर ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ असं म्हणायची वाट हा शिक्का बंद करतो.

पुढच्या आठवड्यात: तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’ आणि वीस रुपयांचं तिकीट.