काळं शिंगरू पांढरं का होतं?

सारंगखेड्याच्या किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत जाऊन कुणी म्हणालं, 'पांढरं शिंगरू दाखवा', तर जाणता व्यापारी गालात हसतो. कारण बाजारातले बरेचसे पांढरे घोडे जन्माला येताना पांढरे नसतात. कुणी काळा जन्मतो, कुणी तांबडा, कुणी कुमैत, म्हणजे अंगानं तांबूस आणि आयाळीनं काळा. पुढे दरसाल केस झडून नवे येतात, त्यांत पांढरे वाढत जातात. अंग राखाडी होतं, त्यावर गोल ठिपके उमटतात, आणि साधारण सहा ते आठ वर्षांत घोडा पांढराशुभ्र. अशा घोड्याला जुने लोक 'सब्जा' म्हणत. फारसीत सब्ज म्हणजे हिरवा! हिरवा घोडा कुणी पाहिला ते ठाऊक नाही, पण शब्द टिकला.

आमच्या वाशीमच्या मोहल्ल्यात वरातीचा घोडा ठेवणाऱ्या एकानं काळं शिंगरू आणलं होतं. तिसऱ्या वर्षी ते पिकायला लागलं. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे रंग फासून गळ्यात मारलं. बिचारा मिळेल त्या भावात विकायला निघाला. तेव्हा एका म्हाताऱ्या टांगेवाल्या चाचांनी विचारलं, "याची माय कशी होती? पांढरी ना? मंग थांब की! वरातीले पांढराच लागते."

चाचांचं बरोबर होतं. आई किंवा बाप यांपैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय सब्जा शिंगरू होत नाही. 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी यामागचं जनुक दाखवून दिलं. नकलनवीसानं एकच ओळ पुन्हा उतरवावी, तसा त्यातला एक तुकडा जादा लिहिला गेला आहे. अरबी घोडा असो, शर्यतीचा थरोब्रेड असो की ऑस्ट्रियाचा लिपिझानर, चूक तीच. म्हणजे ती हजारो वर्षांपूर्वीची. 2024 मध्ये आणखी उलगडलं: तुकडा तीनदा असेल तर घोडा लवकर पांढरा होतो, दोनदा असेल तर सावकाश.

केसांच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी घाईनं काम करतात आणि लवकर संपतात. माणसाला पन्नाशीत जे होतं (माझी दाढी साक्षीला आहे), ते याला सहाव्या-सातव्या वर्षी. कातडी मात्र काळीच राहते, नाकपुडी पाहा. नुकरा वेगळा. त्याची कातडी गुलाबी आणि रंग जन्मापासूनच पांढरा. नुकरा म्हणजे चांदी.

शिंगरू घेताना डोळ्यांभोवती पाहावं. तिथं पांढऱ्या केसांचं कडं दिसलं, तर काळा रंग राहणार नाही. आणि पांढरा झालेला घोडा पंधरा वर्षांपुढे गेला, की शेपटीखाली हात फिरवून पाहत जावं. या वयात अशा बहुतेक घोड्यांना तिथं काळ्या गाठी येतात. त्या बहुधा हळू वाढतात, पण पुढे जिवावरही बेततात. कुणाच्या सांगण्यावरून डाग देऊ नये. जनावरांच्या डॉक्टरला दाखवावं.