लकडगंजाहून मुलांसह कोठे जावे?

मुंबईच्या मुलांस भाऊच्या धक्क्यावरील लाँचा व बंदरातील आगबोटी यांचे जे कौतुक घरबसल्या लाभते, ते समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपुरात लाभणे नाही, हे उघडच आहे. तथापि आरागिरण्यांची घरघर ऐकत लकडगंजात वाढणाऱ्या मुलांना रविवारी कोठे न्यावे, हा प्रश्न त्यामुळे अडून राहत नाही. गांधीसागर तलावाकाठचे रमण विज्ञान केंद्र (१९९२) व तेथील तारांगण तर जवळच आहे; शिवाय सिव्हिल लाइन्समधील, १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास नागपूरकर आजही अजब बंगला म्हणतात, तेथे पेंढा भरलेले पशुपक्षी, शिलालेख व शस्त्रे एकाच फेरीत पाहावयास मिळतात.

आमच्या मते मात्र अग्रमान मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाचा. बंगाल-नागपूर रेल्वेच्या अमदानीत सातपुड्याच्या मुलुखात अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावलेल्या जातीची बुटकी वाफेची इंजिने येथे उभी असून, त्यांची काळी चाके लहानग्यांच्या ऐन नजरेच्या उंचीवर येतात. आणि आवारातील छोट्या गाडीत बसण्यास वडीलधाऱ्यांनाही मुलांची सबब आयती मिळते.