वस्तऱ्याचा दगड कसा ओळखावा?

श्रोतेहो, विळा बोथट झाला तर काम अडते. वस्तरा बोथट झाला तर गाल सोलून निघतो. विळ्याची धार खरबरीत दगडावरही निघते. वस्तऱ्याला मात्र दगड पारखूनच घ्यावा लागतो.

इथे हटकून एक चूक होते. नदीतला गुळगुळीत गोटा हाती आला, की आपण तो बारीक कणाचा समजतो. गोटा गुळगुळीत झाला तो पाण्यात घासून. आतला कण बारीक आहे, असे त्यावरून ठरत नाही. आपल्या काळ्या पाषाणाचेच पाहा ना! त्यात निरनिराळ्या खनिजांचे स्फटिक गुंतलेले असतात, कुठे बुडबुड्यांची भोकेही असतात. पाट्या-वरवंट्याला तो उत्तम. वस्तऱ्याच्या धारेला मात्र खाचा पाडील.

मग चांगला दगड असतो तरी कसा? बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ मुलखात, व्हिएल्साम गावाच्या परिसरात, कोटिक्यूल नावाचा पिवळसर दगड सापडतो. त्याच्या नरम, अभ्रकी अंगात गार्नेट खनिजाचे सूक्ष्म, गोलसर स्फटिक दाटीने बसलेले असतात. एका मिलिमीटरचे १०० भाग केले, तर त्यातल्या एक-दोन भागांएवढे! गार्नेट पोलाद कापतो. पण त्याचे कोपरे बोथट असल्याने ओरखडा उथळ राहतो. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या दगडात हेच काम गारेचे बारीक कण करतात. त्या दगडाला नोव्हाक्युलाइट म्हणतात. लॅटिन भाषेत ‘नोव्हाक्युला’ म्हणजे वस्तराच. तेव्हा कण कठीण हवा, बारीक हवा आणि एकसारखा हवा.

ही पारख घरी करता येते. दगडावर लिंबाचा रस टाकून तो फसफसला, तर दगड चुनखडीचा. तो बाजूला ठेवा. नाही फसफसला, तर पाणी टाकून त्यावर लोखंडी खिळ्याचे डोके घासा. पाणी काळसर झाले, म्हणजे दगड लोखंड कापतो आहे. मग ते डोके उन्हात धरून भिंगातून पाहा. सगळीकडे सारखी धुरकट झाक दिसली, तर दगड कामाचा. मधेच एखादी खोल रेघ दिसली, तर तो विळ्याला ठेवा.

कोटिक्यूल वापरताना दगड अगदी सपाट असावा. त्याच्याच जातीचा लहान तुकडा पाण्याने त्यावर घासून, सहाणेवर गंध उगाळतो तशी उगाळ काढावी. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढे ठेवून, हलक्या हाताने सरकवावा. परतताना पाठीवरून उलटवावा. पाणी घालीत उगाळ पातळ करीत जावी आणि शेवटचे हात नितळ पाण्यावर द्यावेत. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा. तिथे मात्र पाठ पुढे, नाहीतर चामडेच कापले जाईल.

असा वस्तरा ज्याचा त्यानेच वापरावा. एकाच्या रक्तातली कावीळ किंवा एड्स त्यातून दुसऱ्याला होऊ शकतो. म्हणून दुकानात दर गिऱ्हाइकाला नवे पाते हवेच.

शिक्षकबंधूंनो, वस्तरा वर्गात नेऊ नका. खिळा आणि गावातले चार दगड न्या. दगड हाताला कसा लागतो आणि खिळ्यावर काय लिहितो, यातला फरक मुले स्वतःच शोधून काढतील.