समुद्रसपाटीखालचा संसार

नेदरलँड्समधले आमचे होफ्डॉर्प गाव समुद्रसपाटीच्या सुमारे चार मीटर खाली आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितले की ते आधी खिडकीतून बाहेर डोकावतात. बाहेर सायकलींची ये-जा, कडेने कालवा, कालव्यात बदके. भिण्यासारखे काहीच दिसत नाही. मग त्यांना सांगावे लागते, की तुम्ही ज्या स्किपोल विमानतळावर उतरलात तोही सरोवराच्या तळाशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे हार्लेममेर नावाचे अफाट सरोवर होते. १५७३ मध्ये डच आणि स्पॅनिश गलबतांची लढाई याच पाण्यावर झाली. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी हे सरोवर उपसून काढले, आणि तळाच्या चिखलावर आधी शेती, मग गावे आणि पुढे विमानतळ उभा राहिला.

युरोपातला संसार म्हटले की आपल्याकडे आल्प्सचा बर्फ आणि आयफेल टॉवरपुढचे फोटो आठवतात. नेदरलँड्समध्ये यातले काही नाही. इथला युरोपातल्या भूमीवरचा सर्वांत उंच माथा ३२२ मीटरचा. पुण्याची सपाट जमीनसुद्धा त्याहून उंच. देशाचा सुमारे चतुर्थांश भाग तर समुद्रसपाटीखालीच. नोकरीनिमित्त आम्स्टलवेन, हेग, आइंडहोवन किंवा आमच्या गावात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना सुरुवातीला पाऊस, वारा आणि घरभाडे या तीनच गोष्टी जाणवतात. मुले शाळेत जाऊ लागली, सुट्या कशा घालवायच्या हा प्रश्न पडू लागला, की मग उलगडा होतो : इथल्या रोजच्या जगण्याचे आणि भटकंतीचेही बरेचसे नियम पाण्याने घालून दिलेले आहेत.

पाय कोरडे ठेवण्याचा कर

पाण्याच्या या नियमांची पहिली खूण टपालाने येते. नळाच्या पाण्याचे बिल वेगळे असते. त्याखेरीज वर्षाकाठी आणखी एक बिल घरोघरी येते ते ‘वॉटरस्खाप’चे, म्हणजे त्या भागातल्या जलमंडळाचे. बांधांची देखभाल, कालव्यांतल्या पाण्याची पातळी राखणे आणि सांडपाण्याची शुद्धी ही कामे या मंडळांकडे असतात. पंप थांबले तर पावसाचे आणि जमिनीतून झिरपणारे पाणी खोलगट भागात साचू लागेल, म्हणून हे काम रात्रंदिवस चालते. अशी २१ मंडळे आहेत आणि त्यांची मुळे तेराव्या शतकापर्यंत जातात. आजचे डच राज्य जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक बांधासाठी एकत्र येत होते, वर्गणी काढत होते आणि कामचुकारांना दंड करत होते.

या मंडळांच्या निवडणुका होतात. संसदेसाठी मत द्यायला डच नागरिकत्व लागते. जलमंडळासाठी मात्र कायदेशीर रहिवास असलेल्या परदेशी प्रौढालाही मत देता येते. भारतीय पासपोर्ट खिशात असलेल्या माणसाला डच मतपत्रिका हातात धरण्याची पहिली संधी बहुधा इथेच मिळते. पूर आला तर तो नागरिकत्व विचारून घरात शिरत नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब.

बुटांसह पाण्यात

दुसरी खूण मुलांच्या वेळापत्रकात सापडते. मूल चार वर्षांचे झाले की शाळेत जाऊ लागते, पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची होते आणि त्याच सुमारास पोहण्याच्या वर्गात नाव घालण्याची आठवण शेजारपाजारचे करून देतात. पोहणे हा इथे छंदवर्ग समजला जात नाही. ए, बी आणि सी असे तीन डिप्लोमा असतात, आणि नुसत्या ए डिप्लोमाला वर्ष-दीड वर्ष सहज जाते.

ए डिप्लोमाच्या परीक्षेला आजी-आजोबांसकट सगळे घर तलावाच्या काठावर येऊन बसते. क्लोरीनच्या वासाने आणि दमट उष्म्याने चष्म्यांवर बाष्प धरलेले असते. मुले रांगेने येतात ती सदरा, पॅन्ट आणि पायात बूट घालून. शिट्टी वाजते, एकेक जण तसाच पाण्यात उडी घेतो, जागच्या जागी तरंगून दाखवतो, मग पोहत जातो आणि भिजलेल्या कपड्यांचे ओझे घेऊन स्वतःच्या बळावर काठावर चढतो. पुढच्या भागात पाण्यात एक ताडपत्री उभी लावलेली असते. पाण्याखालून तीन मीटर जाऊन तिच्या भोकातून पार व्हायचे. बी डिप्लोमाला हेच अंतर सहा मीटर, सीला नऊ. आणि सीच्या वेळी अंगात पावसाळी जाकीटही असते. कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नसते, आणि बर्फाच्या थराखाली सापडले तर भोक शोधून वर यावे लागते. परीक्षेतली प्रत्येक गोष्ट अशी खऱ्या अपघातावरून घेतलेली.

शेवटी प्रत्येकाला नाव पुकारून प्रमाणपत्र मिळते. पालक टाळ्या वाजवतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याची चर्चा होते. दहावीच्या निकालाला आपल्याकडे पेढे वाटतात, तसा हा प्रकार.

सायकल आणि आकड्यांची चिठ्ठी

या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. सपाट जमिनीमुळे हे सोपे झाले खरे, पण सायकलीचे हे राज्य आपोआप आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते. १९७१ मध्ये रस्ते अपघातांत ३ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यातून ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, म्हणजे मुलांची हत्या थांबवा, असे थेट नाव घेऊन पालक रस्त्यावर उतरले. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले आणि सरकारला मोटारबंदीचे रविवार जाहीर करावे लागले. रिकाम्या महामार्गांवर मुले सायकली फिरवू लागली. त्यानंतरच्या दशकांत वेगळे सायकलमार्ग बांधण्याचे धोरण टिकून राहिले. आज उट्रेख्त स्थानकाखालच्या वाहनतळात १२ हजार ५०० सायकली मावतात, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची शाळेतून वाहतूक-परीक्षा होते.

सहलीसाठी या सायकलीला एका युक्तीची जोड मिळाली आहे. सायकलमार्ग जिथे एकमेकांना मिळतात, अशा प्रत्येक चौकाला क्रमांक असतो. ही कल्पना १९९० च्या दशकात शेजारच्या बेल्जियममध्ये हुगो बोलेन या खाण-अभियंत्याने रुजवली आणि मग ती नेदरलँड्सभर पसरली. रविवारी निघताना एका चिठ्ठीवर आकडे लिहून घ्यायचे : ४७, १२, ८३, ६. ती चिठ्ठी हँडलला अडकवायची आणि हिरव्या-पांढऱ्या पाट्या बघत जायचे. गावाचे नाव वाचता आले नाही तरी अडत नाही. पुढच्या सायकलवरचे मूल आकडा ओरडते आणि मागची वरात वळते.

निघण्यापूर्वी मोबाइलवर ‘बॉयेनरादार’ बघणे हा इथला नित्यनेम. पुढच्या दोन तासांत आपल्या डोक्यावर कधी आणि किती पाऊस पडेल, हे त्यात दिसते. पाऊस आहे म्हणून बेत रद्द करण्याची पद्धत मात्र नाही. रेनकोट चढवून निघायचे. पावसापेक्षा खरा त्रास समोरून येणाऱ्या वाऱ्याचा. घाट चढण्याचे सगळे श्रम तो सपाट रस्त्यावर वसूल करतो.

डबा घेऊन निघणारा देश

डच माणूस सहलीला पैसे खर्चायला निघत नाही. पाव-चीजचा डबा घरून येतो, पाण्याच्या बाटल्या घरून येतात. फार तर परतताना तळलेले मासे किंवा पॅनकेक. मराठी कुटुंबाला हे फार मानवते. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधावर बसून उघडली तर कुणी वळूनही बघत नाही. चार ते अकरा वर्षांच्या मुलांना रेल्वेचा प्रवास नाममात्र दरात होतो. वार्षिक ‘म्युझियमकार्ट’ काढले की चारशेहून अधिक संग्रहालयांत जाता येते. पावसाळी शनिवारी अर्धा तास रेम्ब्रांटची चित्रे बघून घरी परतायला मग काही वाटत नाही. तिकीट वसूल करण्यासाठी मुलांना दिवसभर फरफटावे लागत नाही.

वेळही तशीच काढलेली असते. अनेक शाळा बुधवारी दुपारी सुटतात. अर्धवेळ नोकरीचे प्रमाण युरोपात इथेच सर्वाधिक. आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी घरी राहणारे बाप पुष्कळ, आणि त्या दिवसाला ‘पापादाख’ म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडावर गावोगावी चार संध्याकाळींची पदयात्रा निघते. शाळेतली मुले रोज पाच किंवा दहा किलोमीटर चालतात. हातात अर्धे लिंबू, त्यात खोचलेली पेपरमिंटची गोळी, तिच्यातून रस चोखत जायचे. शेवटच्या दिवशी फुले आणि एक पदक. आयोजन सगळे स्वयंसेवकांचे. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे रात्रीचे जेवण पुढे ढकलण्याशिवाय कुणाचे काही बिघडत नाही.

जाच होतो तो शाळेच्या रजांचा. सत्र चालू असताना लग्नासाठी किंवा स्वस्त तिकिटासाठी मुलांना परवानगीशिवाय भारतात नेणे इथे बेकायदा आहे, आणि दंड होतो. धार्मिक सणाला आधी कळवून एका दिवसाची रजा मिळते. दिवाळीला ती उपयोगी पडते. फराळाच्या सामानाची चिंता मात्र नाही. १८७३ पासून भारतीय मजूर कोलकात्याहून सुरिनाम या डच वसाहतीत नेले गेले, आणि १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्या वंशजांतले हजारो जण नेदरलँड्सला आले. हेगच्या मोठ्या बाजारात कारली, भेंडी, दुधी, चवळीच्या शेंगा मिळतात त्या त्यांच्यामुळे.

पाण्याच्या गावांना

आता खास पाण्याच्या सहली. होफ्डॉर्पहून सायकलने जाता येईल अशा अंतरावर क्रुकियसचे पंपघर आहे. हार्लेममेर उपसणाऱ्या तीन पंपघरांपैकी हे एक. त्यातल्या वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर ३.६६ मीटर व्यासाचा असून जगातले हे सर्वांत मोठे वाफेचे इंजिन मानले जाते. त्याचे आठ प्रचंड दांडे भिंतीबाहेर डोकावतात आणि प्रेक्षकांसाठी आजही हलवून दाखवले जातात. मुले तिथून लवकर निघायला तयार होत नाहीत.

रॉटरडॅमहून प्रवासी बोटीने किंडरडाइकला जाता येते. तिथल्या १९ पवनचक्क्यांपैकी बहुतेक १७३८ ते १७४० या काळातल्या. त्या धान्य दळत नसत. खालचे पाणी उचलून वरच्या कालव्यात टाकत. काहींमध्ये अजून कुटुंबे राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात.

स्खोकलंड हे एके काळचे बेट. समुद्र ते कुरतडत चालला, म्हणून १८५९ मध्ये राजाज्ञेने ते रिकामे करण्यात आले. १९४२ मध्ये भोवतालचा समुद्रच उपसला गेला. आता जुन्या बंदराच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर बटाट्याची आणि कांद्याची शेते दिसतात. या उपशाला आधार मिळाला तो ३२ किलोमीटर लांबीच्या आफ्स्लाउटडाइक या बांधाचा. तो २८ मे १९३२ रोजी पूर्ण झाला आणि खारा समुद्र हळूहळू गोड्या पाण्याचे सरोवर झाला.

झेलंड प्रांतातले आउवरकेर्क मात्र मुले थोडी मोठी झाल्यावर दाखवावे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली, बांध फुटले आणि १,८३६ माणसे बुडाली. फुटलेला शेवटचा बांध काँक्रीटच्या ज्या अवाढव्य पेट्या बुडवून बुजवला, त्याच पेट्यांत आज या पुराचे संग्रहालय आहे. या आपत्तीनंतर समुद्रावर दारे बसवण्याची योजना आखली गेली. ईस्टर स्खेल्ड खाडीवरचा ६२ दारांचा बांध १९८६ मध्ये खुला झाला. एरवी दारे उघडी असतात, भरती-ओहोटी चालू राहते, शिंपले जगतात. वादळ आले की दारे मिटतात.

इतके फिरणे जमणार नसेल, तर ॲम्स्टरडॅमच्या नगरभवनात जावे. तिथे पाण्याने भरलेले तीन काचेचे स्तंभ आहेत. दोन स्तंभांत समुद्राची त्या क्षणाची पातळी दिसते. तिसरा १९५३ च्या पुराची उंची दाखवतो, साडेचार मीटरहून अधिक. त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला मान वर करावी लागते. तिकीट नाही.

मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांना शेंगेन व्हिसावर १८० दिवसांतले ९० दिवस राहता येते. मे-जून हे महिने निवडा. ट्युलिप बघायचेच असतील तर एप्रिलमध्ये या, पण लोकरीचे कपडे आणा. काचेच्या बोटीतून कालव्याची फेरी सगळेच करतात. एक दिवस क्रुकियस किंवा स्खोकलंडसाठी राखून ठेवा.

आणि एक विनंती इकडे न येणाऱ्यांसाठी. पावसाळी सहलीत धरणावर, नदीत, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मुले बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मुलांना पोहायला शिकवाच; आणि ती नीट पोहू लागली की प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एकदा सदरा, पॅन्ट आणि बुटांसह पाण्यात उतरवा. त्याला वेगळा तलाव लागत नाही आणि जास्तीचा खर्चही येत नाही.