‘एक अनेक और एकता’: सात मिनिटांच्या चित्रपटाचे बळ आणि उणिवा

‘एक अनेक और एकता’ हा सुमारे सात मिनिटांचा हिंदी अ‍ॅनिमेशनपट सरकारी फिल्म्स डिव्हिजनने 1974 मध्ये तयार केला. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, रेखाटन आणि अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचे, संगीत वसंत देसाईंचे. त्याला शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे दूरदर्शनवर तो इतक्या वेळा दाखवला गेला की ऐंशीच्या दशकात वाढलेल्या पिढीला त्यातली खार, जाळे आणि आंब्याचे झाड अजून आठवते. या मायेपोटी त्याचे परीक्षण मात्र क्वचितच होते. ते व्हायला हवे, कारण त्याचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही एकाच गोष्टीतून आली आहेत: काटकसरीतून.

विजया मुळे मुंबईत 1921 साली जन्मल्या, लग्नानंतर पाटण्याला गेल्या आणि इंग्लंडमधील लीड्स येथे शिक्षणशास्त्र शिकल्या. 1959 साली स्थापन झालेल्या फिल्म सोसायट्यांच्या राष्ट्रीय महासंघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. शिक्षण आणि सिनेमा या दोन्ही वाटांनी आलेली व्यक्ती मुलांसाठी चित्रपट करते, तेव्हा उपदेशाआधी प्रश्न येतो. इथेही तसेच घडले. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग 1956 च्या सुमारास उभा राहिला. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तिथल्या चित्रकारांना शिकवले आणि 1957 मध्ये जातककथेवरचा ‘द बन्यन डीअर’ तयार झाला. भीमसैन याच विभागात पार्श्वभूमी रंगवत तयार झाले. 1970 च्या त्यांच्या ‘द क्लाइंब’ला शिकागोच्या महोत्सवात सिल्व्हर ह्युगो मिळाला होता.

पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र काढायचे तर सात मिनिटांना 10,080 चित्रे लागतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवले तरी 5,040. सरकारी बोधपटाच्या खर्चात ते परवडणारे नव्हते. म्हणून आकृत्या सपाट आणि मोजक्या रेषांच्या ठेवल्या, हालचालींची आवर्तने पुन्हा वापरली, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी सोडली. विषयाला हे विलक्षण मानवले. लहान भाऊ ताईला विचारतो की ‘अनेक’ म्हणजे काय. ताई आधी सूर्य, चंद्र आणि तारे दाखवते; मग एक खार येते, तिच्या अनेक खारी होतात; फुलपाखरे येतात, पक्षी येतात. संख्येची कल्पना डोळ्यांसमोर घडते आणि चार वर्षांच्या मुलालाही व्याख्येवाचून कळते. पुरी हालचाल, छायाप्रकाश, तपशीलवार बाग असती तर लक्ष विखुरले असते. ज्ञान मुलीच्या तोंडी आहे, हीही त्या काळाच्या मानाने महत्त्वाची गोष्ट.

संगीताने बाकीचे काम केले. ‘दो आँखे बारह हाथ’ (1957) आणि ‘गुड्डी’ (1971) या चित्रपटांतल्या देसाईंच्या प्रार्थना शाळाशाळांतून गायल्या जात होत्या. अनेक गळ्यांना एकत्र पेलेल अशी चाल बांधणे त्यांना साधले होते. शेवटचे समूहगीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विनयचंद्र मौद्गल्य यांचे. बालस्वर साधना घाणेकर यांचा, म्हणजे पुढच्या साधना सरगम यांचा. चाल इतकी नेमकी आहे की चित्र विसरले तरी गाणे राहते.

उणिवा उत्तरार्धात दिसतात. ‘अनेक’ म्हणून येणाऱ्या खारी आणि पक्षी एकाच साच्यातले आहेत. संख्येच्या धड्याला ते चालते. एकतेच्या धड्याला चालत नाही, कारण तिथे प्रश्न वेगळेपणाचा आहे. उत्तरार्धात येणारी जाळ्यासकट उडणाऱ्या पक्ष्यांची आणि जाळे कुरतडणाऱ्या उंदरांची कथा पंचतंत्रातील चित्रग्रीव कबुतराची. मूळ कथेत कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपल्या उंदीर मित्राला आधी सोबत्यांचे पाश तोडायला सांगतो. कथेचा हा सर्वांत उदात्त भाग चित्रपटात नाही. उरतो तो पक्ष्यांचा शत्रू, पारधी. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि 1952 मध्ये तो कायदा गेल्यावरही ज्यांची बदनामी संपली नाही, त्यांत पारधी येतात. विदर्भातल्या वर्गात पारधी समाजाचे मूल बसलेले असू शकते. त्याने या गोष्टीत स्वतःला कुठे पाहावे?

गाण्यातल्या दोन उपमाही एकमेकींशी जुळत नाहीत. हारात गुंफलेली फुले आपापला रंग राखतात. समुद्राला मिळालेल्या नद्या नाव गमावतात. या दोहोंतली कोणती एकता अभिप्रेत आहे, हे चित्रपट ठरवत नाही. गाण्यातल्या पाच नद्यांच्या यादीत गोदावरी नाही, आणि विदर्भातल्या वर्धा-वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीलाच जाते.

नागपूरच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या वितरण शाखांपैकी एक नागपुरात होती. चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी दाखवायच्या लघुपटांची रिळे अशा शाखांतून जात. हा चित्रपट मात्र घराघरांत गेला तो दूरचित्रवाणीमुळे. 1956 पर्यंत हिंदी-मराठी द्वैभाषिक प्रांताची राजधानी असलेल्या या शहराला त्याची हिंदी जड गेली नाही. गडचिरोलीतल्या माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. अनेक भाषांचे कौतुक करणारा हा चित्रपट देशभर गाजला तो एकाच भाषेत.

तरीही प्राथमिक शाळेसाठी इतका कसदार अ‍ॅनिमेशनपट आपल्याकडे विरळा आहे. शिक्षकांनी तो जरूर दाखवावा, पूर्वार्ध जसाच्या तसा. गाणे झाल्यावर मुलांना आपापल्या बोलीत आणखी एक कडवे रचायला सांगावे आणि त्यात गोदावरी आणायला सांगावी.