जुन्या गाडीला गॅस : नुसता की पेट्रोलसोबत?

ऊसनोंदीला गटात फिरताना हल्ली लागणीपेक्षा हाच प्रश्न आम्हाला जास्त विचारतात : जुनी पेट्रोल गाडी नुसत्या सीएनजीवर करावी, की पेट्रोलची टाकीही राहू द्यावी?

आमचे मत, टाकी राहू द्या. सीएनजी जास्त कॉम्प्रेशन सोसतो, पेट्रोलवर तेवढ्यात इंजिन ठोकू लागते. म्हणजे नुसत्या गॅसचा खरा फायदा इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवले तरच. जुन्या गाडीसाठी तो खर्च कोण करतो? नुसती टाकी काढली तर ताकद वाढत नाही, अन् वाटेत गॅस संपला की गाडी ढकला. बेस्टच्या सीएनजी बसचे जमते, कारण त्यांची वाट नि डेपो ठरलेले. आपण आज भुसावळला, उद्या चोपड्याला. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा, 2023 साली शेवटची उतरेपर्यंत, गॅसवर पळाल्या.

दोन्ही ठेवल्यास गॅसवर ओढ थोडी कमी पडते. पालच्या चढाला ते जाणवेलच. सकाळी पेट्रोलवर चालू करा, आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवरच न्या, नाहीतर टाकीतले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटर चोंदतो. गॅस कोरडा, त्यामुळे जुन्या व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात. गाडी निळा धूर टाकत असेल तर आधी इंजिन करा, किट मागाहून.

किट मंजुरीचेच घ्या, आरसी बुकात नोंद करा. सिलिंडरची दर 3 वर्षांनी दाबचाचणी लागते. काही जण घरगुती सिलिंडर डिक्कीत ठेवून गाडी पळवतात; त्यात पोरंबाळं बसतात हो!