यंत्र आहे, वीज नाही

छातीत कॉलरबोनखाली एक छोटं यंत्र बसवायचं आणि त्याची तार मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला जोडायची. मग रुग्ण टेबलाशी बसतो, पक्षाघातानं दुबळा झालेला हात कसाबसा पुढे करतो, समोरची वस्तू उचलायला जातो. आणि नेमक्या त्याच क्षणी फिजिओ एक बटण दाबतो. अर्धा सेकंद, जेमतेम ०.८ मिलिअँपिअर वीज. तेवढ्यानं मेंदूत ॲसिटिलकोलीन, नॉरएपिनेफ्रिन अशी रसायनं पाझरतात. एरवी महत्त्वाचं काही घडलं की मेंदूला ते पक्कं करून ठेवायला लावणारी हीच रसायनं. म्हणजे हाताची एक साधी हालचाल आणि मेंदूला 'हे विसरू नकोस' असा इशारा, दोन्ही एकाच वेळी. एका बैठकीत अशा तीनशेहून जास्त हालचाली, सहा आठवड्यांत अठरा बैठका.

ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १९ केंद्रांत १०८ जणांवर हा प्रयोग झाला. २०२१ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पक्षाघाताचा झटका येऊन कोणाला नऊ महिने झाले होते, कोणाला काही वर्षं. ऑपरेशन सगळ्यांचं झालं, यंत्र सगळ्यांना बसलं, बटणही सगळ्यांसाठी दाबलं गेलं. फक्त त्यातल्या ५५ जणांच्या यंत्रातून व्यायामाच्या वेळी येणारी वीज होती शून्य. कोणाला वीज मिळतेय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं, फिजिओला नव्हतं आणि शेवटी हात तपासणाऱ्यालाही नव्हतं.

यंत्र हुशार आहेच, पण माझं मन अडकतं ते त्या ५५ जणांपाशी. आपल्या वाट्याला नुसतं यंत्र येऊ शकतं, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. ते ऐकून, समजून, त्यांनी सही केली आणि गळ्याला चिरा देऊन घेतला. (पुढे, मुख्य मोजमाप झाल्यावर, त्यांनाही खरी वीज देण्यात आली.)

हात सुधारला हे मोजायचं कसं? त्यासाठी स्वीडनमध्ये १९७५ साली आखलेली फुगल-मायर परीक्षा आजही वापरतात. दुबळा हात विरुद्ध बाजूच्या गुडघ्यावरून उचलून आपल्याच बाजूच्या कानापर्यंत न्यायचा. अंगठा आणि बोटाच्या मध्ये कागदाचा कपटा धरायचा. तपासणारा तो हळूच ओढून बघतो. मग पेन्सिल, मग डबा, मग टेनिसचा चेंडू. जमलं नाही तर शून्य, अर्धवट जमलं तर एक, नीट जमलं तर दोन. हाताचे एकूण गुण ६६. वीज मिळालेल्यांचे सहा आठवड्यांत सरासरी ५ गुण वाढले. न मिळालेल्यांचे २.४. कपटा निसटण्यात आणि टिकण्यात एका गुणाचा फरक असतो, हे लक्षात घेतलं की पाच गुण लहान वाटत नाहीत. आणि ते २.४ सुद्धा बघण्यासारखे आहेत. 'सहा महिन्यांत जे सुधारलं ते सुधारलं' असं आपल्याकडे सर्रास सांगतात. इथे त्याच्या कितीतरी नंतर, नुसत्या नेटानं केलेल्या व्यायामानं हात थोडा पुढे सरकला होता.

पण वीज नसलेला गट हवाच कशाला? कारण पक्षाघाताचा रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याचदा आपोआपच सुधारतो. मेंदूची सूज उतरते, बधिर झालेले भाग जागे होतात, शेजारचे भाग काम उचलतात. नेमक्या त्याच दिवसांत घरात कोणी तेलाचं मालिश सुरू करतं, कोणी दूरच्या गावचं औषध आणतं, कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. आणि बोट हललं की श्रेय शेवटच्या उपायाला. डॉक्टरांचंही वेगळं होत नाही. त्यांच्या हातात गोळी असते एवढंच. तेव्हा चिठ्ठी टाकून गट पाडायचे, एका गटाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला हुबेहूब तसंच दिसणारं पण रिकामं काहीतरी. आपोआपची सुधारणा दोन्हीकडे सारखीच असणार. वर जे उरेल ते उपायाचं.

यात भल्याभल्या आशा गळतात. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं जुनं, स्वस्त औषध. २०११ साली फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या चाचणीत त्यानं हातापायांची ताकद चांगली सुधारलेली दिसली. साहजिकच जगभर उत्साह. मग ब्रिटनमध्ये ३१२७ जणांनी सहा महिने रोज एक गोळी घेतली, कोणी खरी, कोणी खोटी. निकाल आला: रोजचं जगणं सावरण्यात काही फरक नाही, नैराश्य थोडं कमी, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. ही तीन हजार माणसं चाचणीत आली नसती तर ती गोळी आजही भाबडेपणानं लिहून दिली जात असती.

त्याहून चक्रावणारी गोष्ट पाच देशांतल्या २१०४ रुग्णांची. झटका आल्यावर चोवीस तासांच्या आत उठवायचं, बसवायचं, वारंवार चालवायचं. लवकर हललेलं बरं, हे कोणालाही पटेल. २०१५ साली निकाल लागला तेव्हा चांगलं सावरलेले लोक घाईच्या गटात ४६ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५०.

आपल्याकडची मोठी चाचणी म्हणजे 'अटेंड'. भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. प्रश्न अगदी आपला होता: फिजिओ परवडत नाही, मिळत नाही, तर घरच्याच माणसाला शिकवून घरी व्यायाम करून घेतला तर? सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले ४७ टक्केच. २०१७ साली हा निकाल आला. मला आपला एक संशय आहे. आपल्याकडे सून, मुलगा, बायको न शिकवताही दिवसभर उठबस करतातच. मग 'काहीच नाही' असा गट मुळात सापडणार कुठून?

अशा चाचणीत जायचं तर दार उघडं असेलच असं नाही. झटका कधी आला, कोणत्या बाजूला, हात किती हलतो, आणखी कोणते आजार, यावर पुष्कळजण गाळले जातात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. चाचणी खरी की कोणाची दुकानदारी, हे बघायला सीटीआरआय ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर कोणालाही खुली आहे. भारतात २००९ पासून चाचणीची नोंद तिथे करावीच लागते. माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावं, घरी नेऊन वाचावं. रुग्णाची वाचाच गेली असेल तर जवळचा नातेवाईक संमती देऊ शकतो. लिहितावाचता येत नसेल तर अंगठ्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार लागतो. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे. मधेच सोडून जाता येतं, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. येण्याजाण्याचं भाडं कोण देणार हेही विचारावं. आठवड्यातून तीनदा रिक्षानं अर्धांगवायूच्या माणसाला नेणं म्हणजे काय, ते नेणाऱ्यालाच कळतं.

आणि सही करायच्या आधी आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: निकाल लागल्यावर आम्हाला कळवणार ना, आणि आम्ही कोणत्या गटात होतो तेही? संशोधकांना हे सांगायचं पुष्कळदा सुचतच नाही.